कोबा मुरेपर्यंत

प्यो दोक्सू या माणसाबद्दल लिहायला मी योग्य नाही, हे आधीच सांगतो. त्यांना भावंडं किती होती, सिमेंट कारखान्यात त्यांचं कुणाशी पटत होतं, तरुणपणी ते कसे दिसायचे, यातलं मला काहीच ठाऊक नाही. जेचॉन स्टेशनामागच्या लाल विटांच्या इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत, मी दुसऱ्या. त्यांची जमीन म्हणजे माझं छत. कित्येक वर्षं आमचं नातं एवढंच होतं. मी पोस्टात पत्रं निवडायचं काम केलं, लिहायचं नाही. तेव्हा जसं जमेल तसं लिहितो.

छतातून जे ऐकू येई ते मात्र मला माहीत होतं. रोज पहाटे वर काहीतरी जड सरकवल्याचा आवाज यायचा. ते बायकोला कुशीवर वळवत. मालसुनवहिनींना झटका आला होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात तेवढा चांगला राहिला. सरकवल्याच्या आवाजामागून धप्प असा दुसरा आवाज यायचा, तो प्योदादांच्या गुडघ्यांचा. मग बॉयलर गुरगुरू लागे, आणि मीही उठे.

एका वर्षी डिसेंबरात माझ्या कपाटावरच्या कोपऱ्यात ओल दिसू लागली. आमच्याकडे घर तापतं ते जमिनीतून. कोब्याखाली पुरलेल्या पाइपांतून बॉयलरचं गरम पाणी फिरतं. वरच्याचा पाइप फुटला की खालच्याचं छत गळतं, आणि भुर्दंड वरच्याला. एवढ्यावरून आमच्या गल्लीत चांगले शेजारी कोर्टात गेलेत. मी वर गेलो नाही. कपाट सरकवलं आणि बादली ठेवली.

चार-पाच दिवसांनी दारावर थाप पडली.

“दोनशे दोन! आहात का?” इमारतीत आम्ही एकमेकांना खोलीच्या आकड्यानंच हाक मारत असू. प्योदादा सपाता घालून उभे होते. “माझा बॉयलर सारखा पाणी मागतोय. पितोय कुठे ते कळत नाही. तुमच्याकडे तर येत नाही ना?”

“थोडंसं,” मी म्हणालो.

ते आत आले, बादलीत डोकावले.

“हे थोडंसं? यात कार्प मासा पोसता येईल! अहो, माणूस आहात की कोण? वर येऊन चार शिव्या घालायच्या की नाही?”

“तुमच्याकडे आजारी माणूस आहे.”

“आजारी ती आहे. मला शिव्या चालतात.”

दुसऱ्या दिवशी गिल नावाचा मिस्त्री आला. गळती माझ्याकडे होती म्हणून मलाही वर बोलावलं. त्या घरात मी पहिल्यांदाच पाय ठेवत होतो. गिलनं जमिनीला एक सळई टेकवली, तिचं दुसरं टोक कानाशी धरलं आणि डोळे मिटून रांगत घरभर फिरला. आतल्या खोलीत, जमीन सगळ्यात जास्त तापते त्या जागी, मालसुनवहिनी गादीवर पडून होत्या. त्यांचा डावा तळहात गादीच्या कडेबाहेर जमिनीवर होता. मधूनमधून त्या हलकेच जमीन थोपटायच्या. आमच्या बायका घरात आल्या आल्या अशीच जमीन तापलीय का ते बघतात. त्यांची ती सवय तेवढी शाबूत राहिली होती.

“एका पाइपची गोष्ट नाही, आजोबा,” गिल उठून म्हणाला. “सगळ्यांची चाळणी झालीय. इथं जोडलं की तिथं फुटेल. जोडकाम करायचं तर उद्या करतो, पण किती टिकेल ते विचारू नका. नाहीतर सगळंच बदला. पाइप, बॉयलर, सगळं.”

“सगळ्याचं काय पडेल?”

गिलनं आकडा सांगितला. मला तो ऐकूनच घाम फुटला. प्योदादांनी माशी हाकलावी तसा हात हलवला.

“पैसे कळले. दिवस किती?”

“कोबा फोडायचा, राडारोडा खाली न्यायचा, नवे पाइप, त्यावर नवा कोबा. आठवडा धरा. पुढं कोबा वाळायला...”

“सिमेंट वाळत नाही. मुरतं. जन्म भट्टीवर काढलाय मी, मला शिकवू नकोस. या थंडीत तीन आठवडे त्यावर पाय ठेवायचा नाही, आणि आच तर त्याहून नाही.”

“तुम्हाला माहितीय मग. महिनाभर घर सोडायचं.”

“हे तिच्याकडे बघून सांग.”

“काय?”

“महिनाभर घर सोडा, असं तिच्याकडे बघून सांग.”

गिल आपली हत्यारं गोळा करू लागला.

आधी जोडकामच झालं. त्या रविवारी मी त्यांचा वाडगा परत द्यायला वर गेलो. त्यांनी मुळ्याची किमची दिली होती, रिकामा वाडगा कसा द्यायचा म्हणून मी त्यात पर्सिमनची चार फळं ठेवली होती. दारातच आवाज ऐकू आले. त्यांची मुलगी मिरान सुवॉनहून आली होती.

“महिनाभरच ठेवायचंय, बाबा. टेकडीवरचं इस्पितळ काही वाईट नाही.”

“तिथं कुणी महिनाभर ठेवत नाही गं. लोक उशी घेऊन जातात, आणि परत येते ती उशी.”

“तुमची कंबर गेलीय! परवा तिला उचलताना दोघं पडलात. मला हे खालच्या लाँड्रीवाल्याकडून कळतं!”

“लाँड्रीवाल्याला सांग, पडलो तरी जमीन गरम होती.”

“चेष्टा पुरे. पुढच्या वेळी ती तुमच्या खाली सापडली तर? आणि ही जमीन पुन्हा थंड पडली तर?”

 प्योदादांची नजर दाराकडे वळली. मी वाडगा ठेवून खाली पळालो.

जानेवारी लागला आणि जमीन थंड पडलीच. त्या आठवड्यात नळ गोठत होते. जोडकाम एका जागी टिकलं, फुटलं दुसरीकडे. बॉयलर पार बंद. प्योदादांनी बायकोखाली विजेची चटई घातली. पण वहिनींची उजवी बाजू बधिर. चटकाही कळायचा नाही, आणि कळला तरी सांगता येणार नाही. सकाळी वळवताना मांडीवर तळहाताएवढा फोड दिसला.

ते खाली आले ते दार न वाजवताच. कधी नव्हे ते माझ्या जमिनीवर बसले.

“सगळं काढतो,” ते म्हणाले. “मी तिला भाजलं.”

 माझ्या मनात होतं तेच तोंडातून निघालं. “माझी मागची खोली रिकामी आहे. कोरडी आहे. वहिनींना तिथं...”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हसले. त्या दिवसांत ते पहिल्यांदाच हसले.

“एकट्या पुरुषाच्या घरात, कपडे बदलायला लागणारी बाई? तिला वाचा असती ना, तर तिनं दोघांनाही लाटण्यानं बडवलं असतं. नको. ती जाईल टेकडीवर. पण मला ठेवून घ्याल का? वर झोपायला जमीन राहणार नाही.”

असे ते माझ्याकडे राहायला आले. पहिल्याच दिवशी जेवताना त्यांनी विचारलं, “जन्मवर्ष कुठल्या प्राण्याचं तुमचं?”

“ड्रॅगनचं.”

“मी सशाचं. म्हणजे वर्षानं मोठा. ससा थोरला आणि ड्रॅगन धाकटा! आजपासून अरे-तुरे करणार मी.” आणि तेव्हापासून मी त्यांना दादा म्हणू लागलो.

वर हातोड्यांचा दणका सुरू झाला. माझ्या छताची माती आमच्या सूपमध्ये पडायची. दादा सकाळी पहिल्या बसनं टेकडीवर जायचे, बायकोला पेज भरवून यायचे, गवंड्यांच्या डोक्यावर उभे राहायचे, दुपारी परत टेकडीवर. नवा कोबा घातला त्या दिवशी त्यांनी माल चिमटीत धरून चोळला, हुंगला आणि गवंड्याला म्हणाले, “पाणी जास्त झालंय. सूप करतोयस की जमीन?” दोन पाट्या परत मळायला लावल्या.

कोबा तर झाला, पण खरी काळजी पुढे होती. बाहेर सगळं गोठत होतं, आणि वर आग नाही. ओला कोबा गोठला तर भुसभुशीत होतो. उलट खालून बॉयलरची आच दिली तर तो तडकतो. तेव्हा न गोठवता, न तापवता तीन आठवडे काढायचे. मी माझ्या बॉयलरचं बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. माझं छत उबदार राहिलं तर वरचा कोबा गोठणार नाही, असं मला वाटलं. बरोबर होतं की नाही कुणास ठाऊक. विचारायची हिंमत झाली नाही.

दादा नुसत्या बनियनमध्ये बसून घाम पुसत होते. “धाकट्या, अंडी उबवायला ठेवलीयस का घरात?” असं म्हणाले आणि एकदम थांबले. वर छताकडे बघितलं. मग उठले आणि माझी खिडकी, मी हवेसाठी जराशी उघडली होती ती, घट्ट लावली.

टेकडीवरच्या गोष्टी ते सांगत नसत. एकदा त्यांची तब्येत बरी नव्हती म्हणून मी बरोबर गेलो. वहिनी उंच खाटेवर होत्या. डाव्या हातात जाड मोजा घातला होता आणि तो हात खाटेच्या दांडीला बांधलेला.

“सारखा हात खाली सोडतात,” तिथली बाई म्हणाली. तिचंही खरं असेल, तिच्याकडे पुष्कळ माणसं होती. “खाली उतरायला बघतात, आजोबा. पडल्या तर?”

“उतरत नाहीये ती,” दादा म्हणाले. “जमीन शोधतेय.”

त्यांनी मोजा काढला. तो हात लगेच खाली गेला, हवेत चाचपत राहिला. जमीन कुठली लागणार! दादांनी आपला तळहात त्याखाली धरला. वहिनींनी तो दोनदा थोपटला आणि हात मागे घेतला. जमीन थंड होती म्हणायची.

मग वहिनींनी तोंड उघडणंच सोडलं. आधी तिथल्या बायकांच्या हातून, मग दादांच्याही. कोबा घालून जेमतेम दहा दिवस झाले होते. मिरानचा फोन आला तेव्हा आम्ही जेवत होतो. डॉक्टर उद्या नाकातून नळी घालणार, सही हवी. दादांनी फोन ठेवला आणि घास तसाच वाडग्यात टाकला.

“नळी गेली की ती इकडं येत नाही,” ते म्हणाले. “घरी कोण सांभाळणार नळी? मी?”

मी माझा वाडगा बाजूला सारला.

“आणि आत्ता आणलं तर कोबा कच्चा आहे. आच दिली की गेला. कारखान्यात पोरं घाई करायची, त्यांना मी काय काय बोलायचो! मुरू द्या रे, मुरू द्या.” ते आपल्या तळहातांकडे बघत होते. “धाकट्या, तू काय केलं असतंस?”

माझं लग्न झालेलं नाही. असल्या गोष्टीत मी काय बोलणार? पण त्यांनी विचारलं होतं, आणि उत्तराची वाट बघत होते.

“मी आणलं असतं.”

“आणि कोबा?”

“जमीन तुमची, छत माझं. छताची काही तक्रार नाही.”

सकाळी त्यांनी बॉयलर लावला, अगदी मंद. मी खाली उभा राहून ऐकत होतो. बराच वेळ काहीच नाही. मग वर कुठेतरी बारीक ‘टक्’ झालं. थोड्या वेळानं आणखी एक.

गिल नव्या कॉकांचं काम बघायला आलेला, तो आवाज ऐकून तिथंच ओरडला. “आजोबा! वेड लागलं का? सिमेंटच्या भट्टीवर जन्म काढलेला माणूस तुम्ही! मी कामाची हमी घेणार नाही, आधीच सांगतो!”

“नको घेऊस. पाठ रिकामी आहे का तुझी?”

“काय?”

“तिला तीन मजले वर आणायचंय.”

गिल पुटपुटत, शिव्या देत खाली गेला. दादांच्या सांगण्यावरून मिराननं, सही न करताच, आईला टॅक्सीतून आणलं होतं. गिलनं वहिनींना पाठुंगळी घेतलं आणि प्रत्येक पायरीला “हमी नाही हं, हमी नाही” म्हणत वर आणलं.

कच्च्या कोब्यावर फळ्या, फळ्यांवर दोन गाद्या. एक बाजू मोकळी ठेवली होती, तिथं नुसतं प्लास्टिकचं जाजम. वहिनींना कुशीवर निजवलं. मिरानच्या पर्समध्ये सहीचा कागद तसाच होता.

“संध्याकाळपर्यंत, बाबा,” ती म्हणाली.  “संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही तर मी तिला परत नेणार. तुम्ही मला अडवायचं नाही. उपाशी मरू देणार नाही मी तिला.”

“नाही अडवणार.”

दादांनी पेजेचा चमचा ओठांशी नेला. ओठ मिटलेले. हात मात्र गादीबाहेर आला, जाजमावर पडला. थोपटलं. पुन्हा थोपटलं. आणि हात मागे गेला.

“गरम नाहीये तिला,” दादा म्हणाले. उठले आणि भिंतीवरचं बटण थोडं फिरवलं.

खालून ‘टक्’ असा आवाज आला. दादांनी डोळे मिटले.

दुपार अशीच गेली. चमचा, मिटलेले ओठ, हात, आणि बटण आणखी थोडं पुढे. दर वेळी कोबा तडकायचा. एकदा तर अक्रोड फोडल्यासारखा आवाज झाला. गिल दाराशी उभा होता, त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. मी का थांबलो होतो मला माहीत नाही. माझं तिथं काही काम नव्हतं, पण जावंसंही वाटेना. खिडकीवरचं ऊन भिंतीवर चढलं. मिराननं आईचा कोट हातात घेतला होता. घालत नव्हती, ठेवतही नव्हती.

“बाबा.”

“बघतोय मी.”

त्यांनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. जमिनीखालून एक लांब आवाज आला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कापड फाडावं तसा. दादा खाली बसले.

वहिनींचा हात पुन्हा जाजमावर आला. थोपटलं. मग थोपटणं थांबलं. हात तिथंच राहिला, पालथा, बोटं पसरलेली. दादांनी पुन्हा चमचा ओठांशी नेला.

तोंड उघडलं. फार नाही, चमच्याचं टोक जाईल एवढं.

“बघ,” दादा मिरानला म्हणाले, “आई तुझी. आधी जमीन बघणार, मग जेवणार.”

मिरान कोटात तोंड खुपसून रडायला लागली. गिल म्हणाला, “हमी नाही हं,” आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दादांनी कोपऱ्यातलं जाजम उचलून मला दाखवलं. आटलेल्या तळ्यातला गाळ भेगाळतो तसा कोबा झाला होता. त्यांनी एका भेगेत नख घातलं, बाहेर आलेली भुकटी बोटांत चोळली आणि जाजम परत नीट पसरलं. “इतकं वाईट काम मी आयुष्यात बघितलं नाही,” ते म्हणाले. बोलण्यात नाराजी होती की काय होतं, मला ओळखता आलं नाही.

पाइप मात्र चांगले निघाले. माझं छत पुन्हा गळलं नाही. मालसुनवहिनी त्या भेगाळलेल्या जमिनीवर तो हिवाळा राहिल्या, पुढचाही राहिल्या. त्यानंतरच्या मार्चमध्ये घरातच, त्यांच्या जागेवर गेल्या. पहाटेचा सरकवल्याचा आवाज थांबला. दादा मात्र त्याच वेळी उठायचे, हे मला गुडघ्यांच्या आवाजावरून कळायचं.

त्यानंतर मी वर फारसा गेलो नाही. काय बोलणार? ते कधी खाली आले तर आम्ही सोजू दारूचा एकेक पेला घेत असू आणि हवामानाबद्दल बोलत असू. उन्हाळ्यात मिराननं त्यांना सुवॉनला बोलावलं. या वेळी त्यांनी नाही म्हटलं नाही. घर विकलं. घेणाऱ्यांना कोब्याच्या भेगा आधीच दाखवल्या. त्यांनी त्याची किंमत कापून घेतली असणार, पण ते मला दादांनी सांगितलं नाही.

सामान न्यायला शिडीची गाडी आली होती. आमच्याकडे वरच्या मजल्यांचं सामान खिडकीतून, गाडीच्या शिडीवरून उतरवतात. पण त्यांच्या खिडकीखाली एक भाजीचा ट्रक उभा होता, आणि शिडी लागत नव्हती. दादांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मी खाली दारात उभा होतो. सुवॉनला गेल्यावर दोन वर्षांनी ते वारले असं मला कळलं. आम्ही फोन करणारी माणसं नव्हतो, त्यामुळे त्या दिवसानंतर आमचं बोलणं झालं नाही.

“धाकट्या, तो ट्रक कुणाचा रे?”

“कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याचा असेल.”

“जरा पुढं घ्यायला सांगतोस?”

“सांगतो.”